सीडी अडकली? आधी दोष कुठं आहे ते शोधू या

गेवराई तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बायका बोलत आहोत. आजचा विषय आहे घरातला डीव्हीडी प्लेअर.

काही जणी म्हणतील, आता सगळं मोबाइलवर आलं, प्लेअर लावतंय कोण? पण आपल्या कितीतरी घरांत टीव्हीच्या खाली, रुमालाने झाकलेला हा डबा अजून आहे. त्याच्या शेजारी पिशवीत लग्नाच्या शूटिंगची सीडी आहे, लेकराच्या जावळाची आहे, सासऱ्यांच्या एकसष्टीची आहे. दिवाळीला लेकी माहेरी आल्या की ती लावा म्हणतात. त्या शूटिंगमधली काही माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांचं हसणं, बोलणं, चालणं त्या एका चकतीवर आहे, दुसरीकडे कुठंच नाही.

आणि नेमकी तीच सीडी अडकते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, सीडी खराब झाली, टाकून द्या. नाहीतर म्हणतं, प्लेअर गेला, भंगारात घाला. पुष्कळदा दोन्ही चांगले असतात आणि मागची पिन सैल झालेली असते. म्हणून काही फेकण्याआधी आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी दोष शोधायचा.

हे काम आपल्याला येतं. भाकर तव्यावर तुटायला लागली की आपण काय करतो? पिठाची विरी गेली का बघतो. आधण नीट झालं होतं का बघतो. तवा बघतो. एकेक गोष्ट बदलून बघितली की कारण सापडतं. इथंही तसंच. तीन गोष्टी आहेत: एक सीडी, दुसरा प्लेअर, तिसरी वायर आणि टीव्ही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सुरुवात टीव्हीपासून करू, कारण ते सगळ्यात सोपं. प्लेअरमध्ये सीडी न घालता नुसता प्लेअर चालू करा. टीव्हीवर प्लेअरच्या कंपनीचं नाव आलं, तर टीव्ही ठीक आणि वायरही ठीक. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं आली किंवा मुंग्या दिसल्या, तर सीडीला हात लावू नका. टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’, ‘इनपुट’ किंवा ‘एव्ही’ असं बटण असतं. ते दाबत जा, आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा. एव्हीवर आलं की बहुतेक चित्र दिसतं.

तरी दिसलं नाही तर मागच्या पिना बघा. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. प्लेअरच्या बाजूला त्या ‘आउट’मध्ये हव्यात आणि टीव्हीच्या बाजूला ‘इन’मध्ये. आपल्याकडे डिशच्या पिनाही टीव्हीच्या त्याच भोकांत असतात, त्यामुळं कुणीतरी प्लेअरच्या पिना काढून ठेवलेल्या असतात. आवाज येतो पण चित्र नाही, तर पिवळी पिन बघा. चित्र आहे पण आवाज नाही, तर लाल आणि पांढरी बघा. चित्र काळं-पांढरं आलं, तर पिवळी पिन चुकून हिरव्या भोकात गेली असेल. किंवा लेकरांनी प्लेअरच्या रिमोटवरचं ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ असं लिहिलेलं बटण दाबलं असेल. आपल्या देशात ‘पाल’ चालतं. पिना काढताना-घालताना आधी दोन्हींचे प्लग काढा.

नवीन टीव्हीला काही वेळा तिन्ही भोकं नसतात, एकच बारीक भोक असतं. त्याला जोडायची वायर वेगळी मिळते. टीव्ही बदलल्यापासून प्लेअर चालेना झाला असेल, तर प्लेअर बिघडला असं लगेच धरू नका.

आता सीडी आणि प्लेअर. प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतो तेव्हा सीडी त्याला वाचता येत नाही एवढंच त्यातून कळतं. दोष सीडीचा की प्लेअरचा, हे कळण्यासाठी शेजारणीकडून चांगली चालणारी सीडी आणा आणि आपल्या प्लेअरमध्ये लावा. मग आपली सीडी शेजारणीच्या प्लेअरमध्ये लावा. त्यांची सीडी आपल्याकडे चालली, पण आपली कुठंच चालली नाही, तर दोष सीडीत. कुठलीच सीडी आपल्या प्लेअरमध्ये चालली नाही, तर दोष प्लेअरमध्ये. आपली सीडी त्यांच्याकडे चालते आणि आपल्याकडे नाही, असं झालं तर बहुतेक आपल्या प्लेअरची लेन्स मळलेली असते.

चालता चालता अडकत असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. दर वेळी त्याच ठिकाणी, म्हणजे हळद लागताना किंवा अक्षता पडताना, अडकली तर दोष सीडीत आहे. प्रत्येक सीडी कुठंही अडकते, तर दोष प्लेअरमध्ये. सुरुवातीला छान चालते आणि अर्ध्या-एक तासाने सगळ्याच सीड्या अडकतात, तर प्लेअर तापतोय. त्याच्यावरचा रुमाल काढा, चारी बाजूंनी हवा लागू द्या.

हे असं का होतं ते समजून घेऊ. चकतीच्या चकचकीत बाजूने आत एक अतिशय बारीक रेघ असते. ती मधून सुरू होऊन गोल गोल फिरत कडेला जाते. सीडीवरची ही रेघ सरळ उलगडली तर ५ किलोमीटरहून जास्त भरेल. प्लेअरमधला लेसरचा किरण खालून ती वाचत जातो. वाचन मधून कडेकडे होतं, म्हणून शूटिंगचा शेवट बाहेरच्या बाजूला असतो. आणि आपली बोटं लागतात तीही कडेलाच. शेवटचा भागच अडकतो, याचं हे एक कारण.

सीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या, दोन्ही १२ सेंटिमीटर रुंद. पण डीव्हीडीची रेघ जास्त बारीक असते आणि तिला वेगळा लेसर लागतो. म्हणून जुन्या सीडी प्लेअरमध्ये डीव्हीडी चालत नाही, त्यात बिघाड काही नसतो. डीव्हीडी प्लेअरमध्ये नुसत्या सीड्या चालतात आणि डीव्हीडी एकही चालत नाही, किंवा उलटं होतं, तर दोनपैकी एक लेसर थकला असं समजा. आपल्याकडची कोणती हे कसं ओळखायचं? सीडीवर चित्र साधारण ८० मिनिटांपर्यंतच मावतं. एकाच लग्नाच्या दोन-तीन चकत्या असतील, तर त्या बहुतेक सीड्या असतात.

परदेशातल्या नातेवाइकांनी दुकानातली पिक्चरची डीव्हीडी पाठवली तर ती आपल्याकडे नाकारली जाऊ शकते. अशा डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ५, अमेरिकेचा १, दुबई-सौदीचा २. क्रमांक जुळला नाही तर प्लेअर ती चालवत नाही. आणि कॉम्प्युटरवरून कुणी शूटिंग नुसतं फाइल म्हणून चकतीवर टाकून दिलं असेल, तर ते कॉम्प्युटरवर दिसेल, जुन्या प्लेअरवर दिसेलच असं नाही. लिहून झाल्यावर चकती बंद करावी लागते, त्याला ‘फायनलाइज’ म्हणतात. ते राहिलं असेल तरी प्लेअर ती घेत नाही. ज्याने करून दिली त्यालाच परत विचारा.

आता सफाई. चकती कडेला आणि मधल्या भोकाला धरायची. धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या, जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा चांगला. नायलॉनच्या साडीचा पदर नको. मधून कडेकडे सरळ पुसायचं, उंबऱ्याबाहेर केर लोटतो तसं. ताट पुसतो तसं गोल फिरवायचं नाही. आतली रेघ गोल जाते. आडवा ओरखडा तिला एकेका ठिकाणी थोडासाच छेदतो, तेवढी चूक प्लेअर भरून काढतो. गोल ओरखडा मात्र रेघेच्या सोबत लांबवर जातो आणि तिथं चित्राचे चौकोन चौकोन होतात.

डाग जात नसेल तर साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, हलक्या हाताने पुसा, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. रॉकेल, पेट्रोल, राख, नेलपॉलिश काढायचं औषध यांपैकी काही लावू नका. टूथपेस्ट घासायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात बारीक खर असते, तिने नवे ओरखडे येतात. एकुलत्या एका लग्नाच्या सीडीवर हा प्रयोग नको.

सीडीच्या बाबतीत अजून एक गोष्ट. तिची माहिती वरच्या, म्हणजे नाव लिहिलेल्या बाजूच्या अगदी खाली असते. वरून टोकदार पेनाने लिहिलं किंवा खरवडलं, तर माहितीच जाते. चकती उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तेवढी जागा गेली, ती कुणालाही परत आणता येत नाही. डीव्हीडीत माहिती दोन थरांच्या मधे असते, म्हणून ती वरच्या ओरखड्याला जरा जास्त टिकते.

प्लेअरचं म्हणाल तर त्याचा शत्रू धूळ आणि धूर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली घरं चार-सहा महिने बंद असतात. परत येईपर्यंत आत धूळ बसते, मुंग्या शिरतात, उंदीर वायर कुरतडतो. जाताना सीडी आत ठेवू नका, प्लग काढा, प्लेअर कापडात गुंडाळून पिशवीत बांधा. चुलीच्या धुराचा चिकट थर लेन्सवर बसतो, म्हणून प्लेअर चुलीपासून लांब ठेवा. लेन्स पुसायची बारीक ब्रशवाली सीडी बाजारात मिळते, आधी ती लावून बघा. पावसाळ्यात ओल धरली असेल, तर आत काही न घालता एक-दोन तास प्लेअर नुसता चालू ठेवा. ट्रे बाहेर येत नसेल तर चाकू-सुरी घालू नका. आतला रबरी पट्टा सैल होतो, तो दुकानात बदलून मिळतो. झाकण मात्र घरी उघडू नका. आत वीज असते आणि लेसरचा किरण डोळ्याला वाईट असतो.

दुकानात जाताना काय-काय करून बघितलं ते कागदावर लिहून न्या. ‘डीव्हीडी चालते, सीडी चालत नाही’, ‘अर्ध्या तासाने अडकतो’ असं नेमकं सांगितलं की दुकानदाराला नुसती पिन बसवून लेन्स बदलल्याचे पैसे सांगता येत नाहीत. खर्च आधी विचारा, बदललेला भाग परत मागा. तपासायला कुठलीतरी पिक्चरची सीडी द्या, लग्नाची देऊ नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सीडी चालली की त्याच आठवड्यात तिची नक्कल करून घ्या. लग्नाच्या सीड्या कारखान्यात छापलेल्या नसतात, स्टुडिओत लिहिलेल्या असतात. त्यांची खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते. तो रंग उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात काय तापतं ते वेगळं सांगायला नको. चकती पत्र्यालगत, खिडकीत ठेवू नका. कव्हरमध्ये घालून, उभी, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

त्याच्या आधीच्या लग्नांच्या मोठ्या कॅसेटी आठवतात ना? कॅसेट पेटीत चांगली आहे, पण लावायला यंत्र नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ती यंत्रं बनवणं थांबवलं. डीव्हीडी प्लेअरही आता दुकानांत कमी दिसतात.

नक्कल झाली तर काय उरतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूने ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या कामातून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. माजलगावच्या ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर मोबाइलवर ऐकता येतात. आपल्या घरच्या हळदीतही आजीने, मावळणीने गाणी म्हटलेली असतात. ती शूटिंगमध्ये मागून ऐकू येतात.

कॉम्प्युटर सेंटरवर किंवा फोटो स्टुडिओत सीडीवरून पेन ड्राइव्हवर काम करून मिळतं. प्लेअरमध्ये अडकणारी चकतीही कधी कधी कॉम्प्युटर हळूहळू वाचून घेतो, म्हणून अडकते म्हणून लगेच हार मानू नका. काम होईपर्यंत तिथंच बसा, आपली नक्कल त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसायला लावा. घरचं शूटिंग आहे, ते कुठंही जायला नको. एक नक्कल आपल्याकडे, दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे ठेवा. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर दोन्ही एकदम जातील.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणाकडे कोणत्या सीड्या आहेत त्याची यादी वहीत लिहा: कुणाचं लग्न, कोणतं साल, चालते का. दहा-बारा जणींचं काम एकदम नेलं तर भाव करता येतो आणि जाण्यायेण्याचा खर्चही वाटला जातो. ज्या चालत नाहीत, त्या आज सांगितल्याप्रमाणे पुसून, दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. भंगारवाल्याची गाडी दारात आली तरी तोवर प्लेअर देऊ नका.