शेतकरी कुटुंबाची मुंबईची फेरी

मळणी उरकून भात कणगींत पडलें, पेंढ्याची उडवी रचून झाली आणि वाल शेंगांवर येऊं लागला, म्हणजे कर्जत-खालापूरकडील शेतकऱ्याचे हात चार दिवस मोकळे होतात. या दिवसांत घरांतील मुलें "मुंबई दाखवा" म्हणून मागें लागतात, व ज्यांचे भाऊबंद परळ-गिरगांवांत आहेत ते कुटुंब घेऊन निघतातहि. परंतु बहुतेक फेऱ्यांची गत एकच. दोन दिवस गर्दींत धक्के खावयाचे, चौपाटीवर भेळ खावयाची, उंच इमारतींकडे माना वर करून पाहावयाचें, आणि रिकाम्या खिशानें परत यावयाचें. मुलांच्या मनांत मात्र एक गोष्ट घट्ट बसते: थोर तें सर्व तिकडे, आणि आपल्याकडे आहे तो चिखल. या समजुतीची किंमत भारी आहे. आपल्या तालुक्यांतील जमिनीस आज गिऱ्हाईक दारीं चालत येतें. आणि ज्या घरांतील पुढची पिढी शेतास कमी लेखते, तें घर जमीन विकण्यास फार दिवस लावीत नाहीं. सबब मुंबई अवश्य पाहावी. पण ती शेतकऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावी, असें आम्हांस वाटतें. गेल्या पौषांत आम्हीं वृद्ध मातोश्री, कुटुंब व दोन मुलें यांसह अशी एक फेरी केली. तिची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

निघण्यापूर्वीं.— दिवस निवडतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बुधवारीं राणीची बाग बंद असते, व सोमवारीं घारापुरीचीं लेणीं बंद असतात. आम्ही गुरुवारीं निघून शुक्रवारीं रात्रीं परतलों. कर्जतपासून मुंबई सुमारें १०० किलोमीटर असून लोकलला दोन तासांवर वेळ लागतो. खोपोलीच्या गाड्या थोड्या. तिकडील मंडळींनीं वेळापत्रक पाहूनच घर सोडावें. सकाळीं सात ते दहा या वेळांत नोकरदारांची गर्दी इतकी असते कीं, म्हातारें माणूस व लहान मूल घेऊन गाडींत चढणें धोक्याचें होय. पहाटेची गाडी धरावी, नाहीं तर दहानंतर निघावें. प्रत्येक मुलाच्या खिशांत नांव, गांव व फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि चुकामूक झाल्यास कोठें उभें राहावयाचें तें गाडींतून उतरतांच ठरवावें. आमच्या मंडळींनीं तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी व पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या होत्या. त्यामुळें पहिल्या दिवसाचा जेवणाचा खर्च वांचला. ज्यांच्या घरीं उतरावयाचें त्यांच्यासाठीं दहा किलो तांदूळ व वालाच्या ओल्या शेंगा घेतल्या. थोरल्या मुलाच्या हातीं एक वही देऊन, "आपल्या गांवाशीं ज्याचा कांहीं संबंध असेल तें यांत लिही," एवढेंच सांगितलें.

वहींतील पहिली ओळ गाडींतच लिहून झाली. मुंबई ते ठाणें ही हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ सालीं सुरू झाली, हें मुलास शाळेंत शिकविलें होतें. परंतु पुढें तीनच वर्षांनीं, १८५६ सालीं, कल्याणाहून निघालेला रूळ खोपोलीस येऊन पोंचला होता, हें त्यास ठाऊक नव्हतें. बोरघाट चढून जाणारी गाडी १८६३ सालीं सुरू झाली. तोंपर्यंत खोपोली हेंच त्या वाटेवरील रेल्वेचें टोंक होतें.

दादर.— पहिला मुक्काम दादरास केला. स्टेशनाबाहेर भल्या पहाटे भाजीचा व फुलांचा बाजार भरतो. झेंडू, शेवंती, आंब्याचे डहाळे व पळसाचीं पानें यांचे ढीग पाहून मातोश्री म्हणाल्या, "आपल्या माळावर वाळून जातें तें येथें पैसे देऊन घेतात!" रस्त्याच्या कडेस आपल्याच बाजूच्या कांहीं बायका गोणपाटावर भाजी मांडून बसल्या होत्या. एकीच्या पाटींत वालाच्या शेंगा दिसल्या, म्हणून आम्हीं भाव विचारला. आदल्या आठवड्यांत आम्हीं शेतावर ज्या दरानें शेंग दिली होती, त्याच्या दुपटीहून अधिक दरानें ती येथें विकत होती. मुलगा लगेच म्हणाला, "मग मधले पैसे कोण खातो?"

तें ऐकून ती बाई हंसली. "कुठले तुम्ही, दादा?" तिनें विचारलें. गांव सांगतांच तिनें मातोश्रींस बसावयास गोणपाट सरकविलें. मुलाकडे वळून ती म्हणाली, "बाळा, रात्री दोनला उठते. पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं, मालडब्यात उभं राहायचं. इथं जागा मिळाली तर मिळाली, नाही तर उठवतात. दुपारी उरलेली शेंग मातीमोल द्यायची. हे सगळं त्या भावात आहे." मुलानें हें सर्व वहींत उतरून घेतलें. बाजारभावाचा यापेक्षां चांगला धडा त्यास कोणत्या शाळेंत मिळाला असता, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

राणीची बाग.— दादराहून भायखळ्यास उतरून पायीं थोडें चाललें कीं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान लागतें. १८६२ सालीं हें लोकांस खुलें झालें. मुलांचा ओढा पेंग्विन व वाघ यांकडे असणारच, तो पुरवावा. पण शेतकऱ्यानें येथील झाडें पाहावीं. पश्चिम हिंदुस्थानांतील शेतकी व बागाईतीसाठीं स्थापन झालेल्या एका मंडळाची बाग पूर्वीं शिवडीस होती. तिचीच परंपरा पुढें या जागीं आली. तेव्हां या बागेचें मूळ आपल्यासारख्याच एका मंडळाच्या उद्योगांत आहे. गोरखचिंचेचा प्रचंड बुंधा पाहून धाकट्या मुलीनें त्यास कव घालण्याचा यत्न केला. शेजारींच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें संग्रहालय १८७२ पासूनचें आहे. तें उघडें आहे ना याची आधीं चौकशी करावी. बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. मुलांस तेथेंच सांगून ठेवलें कीं, "याचें घर उद्यां पाहूं."

दगडांत कोरलेला शेतकरी.— दुपारीं महात्मा जोतिबा फुले मंडईंत गेलों. १८६९ सालीं बांधलेली ही मंडई क्रॉफर्ड मार्केट या नांवानें सर्वांस परिचित आहे. हिच्या दारावर दगडांत शेतकऱ्यांचीं चित्रें कोरलीं आहेत. त्यांचा आराखडा लॉकवुड किपलिंग यांचा. हजारों लोक त्या चित्रांखालून आंत-बाहेर करितात, पण वर पाहणारा विरळा. "शेतकऱ्याचा असूड" हा ग्रंथ १८८३ सालीं लिहिणाऱ्या जोतीरावांचें नांव या मंडईस मिळालें, हें योग्यच झालें. फळांचा घाऊक बाजार १९९६ सालीं येथून नव्या मुंबईंत वाशीकडे गेला. तेथें ज्या शहरास पाणी मिळतें, तें मोरबे धरणाचें, म्हणजे आपल्या खालापूर तालुक्यांतलें. जवळच छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ही दहा वर्षें खपून १८८८ सालीं पुरी झालेली इमारत आहे. तिच्या घुमटावर प्रगतीची मूर्ति असून खालीं यंत्रविद्या, व्यापार, शास्त्र यांच्या बरोबरीनें शेतीचीहि प्रतिमा बसविलेली आहे. ज्यांनीं हें शहर उभारलें त्यांस तें कशावर उभें आहे याची जाणीव होती. आपल्या मुलांस ती करून द्यावी.

राणीचा हार.— सायंकाळीं मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर बसलों. किनाऱ्याच्या वांकणावर दिवे लागले तेव्हां मुलें टाळ्या पिटूं लागलीं. आम्हीं विचारलें, "या शहरास पाण्याची वीज प्रथम कोठून आली?" कोणास सांगतां येईना. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांवाटे घाटाखालीं सोडून टाटांनीं खोपोलीस वीज निर्माण केली, व १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. पुढें १९२२ सालीं भिवपुरीचें केंद्र सुरू झालें. आतां मुंबईस वीज अनेक ठिकाणांहून येते. पण पाण्याच्या विजेचा आरंभ आपल्या दोन तालुक्यांतून झाला. खोपोलीचें पाणी वीज देऊन पाताळगंगेस मिळतें, भिवपुरीचें उल्हासच्या खोऱ्यांत उतरतें, आणि त्याच पाण्यावर राजनाल्याचे शेतकरी उन्हाळी भात घेतात. मुलगा बराच वेळ दिव्यांकडे पाहत राहिला. मग वही उघडून त्यानें "राजनाला" असें लिहिलें.

घारापुरी.— दुसऱ्या दिवशीं गेटवे ऑफ इंडियापासून लाँच धरली. ही कमान १९२४ सालीं पुरी झाली, व २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची इंग्रजी पलटण हिच्यांतूनच बाहेर पडली. तासाभराच्या जलप्रवासानंतर बेट लागतें. शंभरांवर पायऱ्या चढावयाच्या असल्यानें मातोश्रींस सावकाश, बसवीत नेलें. लेण्यांतील सदाशिवाची सुमारें वीस फूट उंचीची मूर्ति व गंगा मस्तकीं झेलणारा शंकर यांसमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या. अशा ठिकाणीं मुलांस इतिहास सांगण्यापेक्षां थोडा वेळ गप्प बसवावें, हें बरें.

हें बेट मुंबईच्या डोळ्यांसमोर असलें, तरी तें आहे आपल्याच रायगड जिल्ह्यांत, उरण तालुक्यांत. त्यावरील एका वस्तीचें नांवच शेतबंदर. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगत असतां या बेटावर समुद्राखालून तार टाकून विजेची जोडणी झाली ती २०१८ सालीं! खोपोलीची वीज मुंबईस पोंचल्यावर एकशेंतीन वर्षांनीं! आम्हीं हें आंकडे मुलाकडूनच वजा करविले. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हींहि अधिक बोललों नाहीं.

परतल्यावर.— खर्चाचा हिशेब त्याच रात्रीं मांडावा. दुसऱ्या दिवशीं मुलाच्या आग्रहावरून शेजारच्या चार घरांची शेंग एकत्र करून त्या दादरच्या बाईबरोबर आम्हीं दोनदां पाठविली. फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास राज्यांत २०१६ पासून मोकळीक आहेच. पहिल्या खेपेस बरें उरलें. दुसऱ्या खेपेस माल उशिरां पोंचून तिसरा हिस्सा कवडीमोल गेला. तिची मजुरी, गाडीभाडें व नासाडी वजा जातां हातीं राहिलें तें शेतावरच्या दराहून थोडेंच अधिक भरलें. तरी हा धंदा फसला असें आम्ही म्हणत नाहीं. मधला पैसा कोठें जातो, तो किती कष्टाचा व किती कमी करतां येण्याजोगा आहे, हें आतां पांच घरांस ठाऊक झालें आहे. पुढील हंगामीं दहा घरांनीं मिळून वेळेवर तोडणी करावी व एकानें आळीपाळीनें बरोबर जावें, असें ठरलें आहे.

मुंबई दाखविल्यावर आपलें कर्जतहि मुलांस दाखवावें, एवढी एक सूचना करून हा लेख पुरा करितों. कर्जतचें भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचें आहे, आणि "कर्जत ३", "कर्जत ७" हीं वाणें तेथूनच निघालेलीं आहेत. तीं पेरणाऱ्या घरांतील मुलांनीं तें केंद्र पाहिलेलें नसतें. आमच्या मुलानेंहि पाहिलें नव्हतें. पुढें तो नोकरीस मुंबईस गेला तर आम्ही अडविणार नाहीं. पण आपल्या बांधावरून काय जातें व त्याचें मोल काय, हें जाणून तो जावा, इतकीच इच्छा आहे. वहीचीं अजून पुष्कळ पानें कोरीं आहेत.