कार्ड कुठल्या खणात?

संपादकांनी पाठवलं होतं रोजगार मेळाव्याची बातमी करायला. पण मांडवापेक्षा मी रमलो ते जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाजवळ. कार्यालयातल्या नव्या पोरांना मदत करायला ते अजूनही मेळाव्याला येतात. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात.

महायुद्ध संपताना, 1945 मध्ये, फौजेतून सुटलेल्यांना कामाला लावण्यासाठी देशात ही कार्यालयं निघाली. 1948 मध्ये ती सर्वांना खुली झाली, 1956 मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. पण मला ओढ होती ती तिथल्या नोंदणीच्या कार्डांची.

नाव नोंदवलं की उमेदवाराच्या हाती ओळखपत्र पडे आणि एक्स-1 नावाचं कार्ड कार्यालयात राही. ही कार्डं आडनावाप्रमाणे लागत नसत. आधी व्यवसायाचा संकेतांक, मग नोंदणीची तारीख. संकेतांक यायचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून. 1968 च्या वर्गीकरणात कारकुनी कामं तिसऱ्या विभागात होती आणि सगळ्यांच्या शेवटी एक्स विभाग होता, कोणत्याच व्यवसायात न बसणाऱ्यांचा. नुकता बीए झालेला, हाताला कसलाही अनुभव नसलेला पोरगा थेट तिथं जाई.

"पोरं गुणपत्रिका पुढं करायची," भाऊसाहेब सांगत होते. "मी म्हणायचो, हे ठेव बाजूला. तुला करता काय येतं? मग गप्प. एखादा म्हणायचा, वडिलांबरोबर मोटर रिवायंडिंग करतो. अरे, मग ते आधी सांग की!" अशा पोराला ते आयटीआयचा रस्ता दाखवत. बाकीच्यांना टायपिंग. मराठी तीस, इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र आणलं की कार्ड एक्समधून उचलून टंकलेखकांच्या खणात जाई. तालुक्यातालुक्यात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पहाटेपासून बॅचेस भरत, त्यामागे या खणांचाही हात होता. खिडकीपलीकडचा माणूस मुलाला नुसता नोंदवत नव्हता, तू काय व्हायचंस हेही सांगत होता. भाऊसाहेबांनी ते जिव्हाळ्यानं केलं. सगळ्याच खिडक्यांवर तसा माणूस बसलेला नसे.

त्याच कार्डानं थांबायलाही शिकवलं. नोकरी देणाऱ्यांना पाठवायची यादी नोंदणीच्या ज्येष्ठतेनं निघे, म्हणून तारीख जपायची. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. ते चुकलं की ज्येष्ठता गेली. मुंबईत गिरणीत, दुकानात लागलेली माणसंसुद्धा त्या महिन्यात गावी येऊन शिक्का मारून जात, कारण 'कॉल' कधीही येईल.

कॉल मात्र फार थोड्यांना आला. 2014 च्या शेवटी देशभरच्या कार्यालयांत चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास नावं होती. त्या वर्षी नोकरी लागली ती साधारण साडेतीन लाख जणांना. कायद्यातच खोट होती. 1959 च्या कायद्यानं सरकारी कार्यालयांना आणि पंचवीस किंवा जास्त कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं, पण पाठवलेल्या यादीतूनच माणूस घ्यावा अशी सक्ती केली नाही. जागा न कळवणाऱ्याला पहिल्या खेपेस दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी भरती केवळ या यादीपुरती ठेवू नका, जाहिरातही द्या. हे न्याय्यच होतं. पण ज्यांनी पंधरा वर्षं तारीख जपली, त्यांच्या कार्डाचं वजन तिथं संपलं.

आता नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते. खेपा वाचल्या, एसटीचं भाडं वाचलं. पण रिवायंडिंग येणारा मुलगा आजही शिक्षणाच्या रकान्यात 'बीए' भरून पुढं जातो आणि त्याला थांबवणारं कुणी नसतं. मला याची काळजी वाटते. समुपदेशन हे या कार्यालयांचं खरं काम, आणि त्यासाठी माणसं लागतात.

जुन्या उमेदवारांतला एक गट अजून वाट पाहतोच आहे. शिकून घरी बसलेल्यांना सरकारी कार्यालयांत तीन वर्षांपर्यंत तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतलं गेलं. हे पदवीधर अंशकालीन कर्मचारी. त्यांच्यासाठी भरतीत दहा टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयाची अट पंचावन्नपर्यंत शिथिल केलेली आहे. भाऊसाहेबांच्या ओळखीतले काही ती अटही ओलांडून गेले. पुढं तसंच काहीसं पुन्हा झालं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना सहा हजार, पदवीधरांना दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने, पुढं वाढवून अकरा. मुदत संपल्यावर हे प्रशिक्षणार्थीही कायम करा म्हणून रस्त्यावर उतरले. मेळाव्यात भेटलेल्या त्यांच्यातल्या एका मुलीनं भाऊसाहेबांना विचारलं, "काका, अनुभव कुठल्या पदाचा लिहू?" त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि ती रोज काय काय करत होती ते एकेक विचारायला सुरुवात केली.