खडक, खार आणि पहिली पेशी

ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात चंपुआ नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या खडकांतून झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेगळे काढून त्यांचे वय २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यातला एक कण निघाला ४२४ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, म्हणजे हा कण घडला तेव्हा पृथ्वी जेमतेम तीस कोटी वर्षांची होती. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन याहूनही जुने आहेत, ४४० कोटींपर्यंत जाणारे. झिरकॉन कमालीचे चिवट असते. ज्या खडकात ते जन्मले तो झिजून, वितळून नाहीसा झाला तरी कण उरतो. घडणीच्या वेळी त्यात अडकलेल्या युरेनियमचे किती शिसे झाले, हे मोजले की वय कळते. जॅक हिल्सच्या कणांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी आणखी एक मोलाची माहिती दिली. त्या काळात पृथ्वीच्या पाठीवर द्रवरूप पाणी होते.

लाव्हाने खदखदणारी पृथ्वी कोट्यवधी वर्षे तशीच होती, हे शाळेत रंगवलेले चित्र या कणांनी पुसून टाकले. पाणी लवकर आले, आणि जीवही फार मागे राहिला नसावा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून झालेले दगड आहेत, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. त्यातले सर्वांत जुने सुमारे ३४८ कोटी वर्षांचे. ग्रीनलंडमधल्या इसुआ इथे ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तसेच उंचवटे सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, पण दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने ते नुसते दाबाने मुडपलेले खडक असल्याचे दाखवून दिले. या विषयात असे वारंवार घडते. आपल्याकडे भीमबेटकाच्या गुहेत ‘डिकिन्सोनिया’ या प्राचीन जीवाचा ठसा सापडल्याचे २०२१ मध्ये गाजले. २०२३ मध्ये कळले की ते कुजलेले मधमाश्यांचे पोळे होते. अशा माघारींनी कुणी हिरमुसू नये. इतक्या जुन्या पुराव्याची पारख कठोरच व्हायला हवी, आणि ती होते आहे म्हणूनच उरलेल्या पुराव्यावर विसंबता येते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. जीवाची सुरुवात ही खडकांच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी शंभर वर्षे ‘जीव कशाचा बनला?’ हे विचारले आणि उत्तम उत्तरे मिळवली. ‘तो कुठल्या खडकात, कुठल्या पाण्यात, कशाच्या जोरावर चालू राहिला?’ हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या प्रश्नाची वाट दोघांनी दाखवली. रशियात अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये. प्राणवायूविरहित वातावरणात, सूर्याच्या किंवा विजेच्या ऊर्जेने साधे वायू एकत्र येऊन सेंद्रिय द्रव्ये बनली असतील, असे दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. ओपारिन-हाल्डेन यांच्या कल्पनेला प्रयोगाचा आधार १९५३ मध्ये मिळाला होता. शिकागोत हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने काचेच्या उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ खेळवली, त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले मिळवली. मिलर २००७ मध्ये गेले. त्यांच्या जुन्या खोक्यांत पन्नाशीच्या दशकातल्या कुप्या तशाच होत्या. त्यांचे शिष्य जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी नव्या यंत्रांवर त्या तपासल्या, तेव्हा ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल करणाऱ्या प्रयोगातून बावीस अमिनो आम्ले निघाली. मिलरना त्यांच्या काळातल्या साधनांनी इतकी दिसलीच नव्हती.

त्याच काळात अलाहाबाद विद्यापीठात कृष्ण बहादूर सूर्यप्रकाशात ठेवलेल्या मिश्रणांतून पेशीसारखे सूक्ष्म कण मिळवत होते. हे कण सजीव असल्याचा त्यांचा दावा १९६७ मध्ये नासाच्या तपासणीत टिकला नाही. तरी निव्वळ उन्हाच्या जोरावर हा प्रश्न हाताळणारी माणसे आपल्याकडे होती, हे विसरले जाऊ नये असे मला वाटते.

पुढे कळले की आदिम वातावरणात मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचाच भरणा असावा, आणि अशा हवेत मिलरची किमया फिकी पडते. पण कच्चा माल आकाशातूनही येत होता. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ पडलेल्या अशनीत डझनावारी अमिनो आम्ले सापडली. बेनू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या मातीचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले. आपल्या प्रथिनांतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले तिच्यात होती, आणि आनुवंशिक रेणूंची अक्षरे असलेले पाचही नत्रयुक्त घटक होते. कच्च्या मालाचा प्रश्न माझ्या मते इथे मिटतो. विश्वात त्याची टंचाई नाही.

टंचाई आहे ती फॉस्फेटची. डीएनए आणि आरएनएचा कणा, पेशीचे आवरण, ऊर्जेचे चलन असलेला एटीपी रेणू, सगळीकडे फॉस्फेट लागते, आणि तेही पाण्यात विरघळलेले. नैसर्गिक पाण्यात कॅल्शियम असतेच, आणि ते फॉस्फेटला धरून त्याचे अॅपेटाइट करून टाकते. आपल्या दातांवरचे कवच याच कुळातले खनिज आहे. एकदा ते झाले की फॉस्फेट कुणाच्या उपयोगाचे राहत नाही.

यातून सुटण्याची एक वाट वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टोनर आणि कॅटलिंग यांनी दाखवली, आणि ती महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन कळावी अशी आहे. ज्वालामुखीय खडकावरून वाहत आलेले पाणी बाहेर जायला वाट नसलेल्या खोलगट जागी साठले आणि उन्हाने आटत गेले, की सोड्याचे खारे तळे तयार होते. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार हे असेच तळे. अशनीच्या आघाताने बसाल्टात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास. काठाला वाळून बसणारा पांढरा खार म्हणजे पापडखाराच्याच जातीचा सोडा. साबण आणि काच करण्यासाठी लागणाऱ्या इथल्या मालाची नोंद अगदी ऐन-ए-अकबरीतही आहे. अशा तळ्यात कार्बोनेट इतके असते की कॅल्शियम आधी त्याच्याशीच बांधले जाऊन तळाला बसते, आणि फॉस्फेट पाण्यात मोकळे राहते. कॅनडातल्या ‘लास्ट चान्स’ नावाच्या उथळ सोडा-तळ्यात त्याचे प्रमाण निसर्गात क्वचितच आढळावे इतके असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लोणार त्या आदिकाळातले नाही, हे उघड आहे. पण चारशे कोटी वर्षांपूर्वीची पृथ्वी बसाल्टाने आणि अशनींच्या विवरांनी भरलेली होती, आणि तशी तळी तिथे असणारच. बेनूच्या मातीतही सोड्याचे क्षार सापडले, हे वाचून मला फार आनंद झाला.

तळ्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. ओले-कोरडे होण्याच्या चक्रात रेणू एकमेकांना जोडले जातात, भरपूर पाण्यात मात्र साखळ्या तुटत राहतात. शिवाय जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये साध्या रेणूंपासून, वाटेत फॉस्फेटचीच मदत घेत, आरएनएचे दोन घटक तयार करून दाखवले, आणि त्या मालिकेत अतिनील किरणांचाही उपयोग होतो. असे किरण समुद्राच्या तळाशी पोचत नाहीत.

समुद्रतळाची बाजूही कच्ची नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले की पेशी आपली ऊर्जा पडद्याच्या दोन बाजूंना प्रोटॉनची कमी-जास्त दाटी ठेवून मिळवते. आधी कुणी मनावर घेतले नाही, पण १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जीवाणूपासून माणसापर्यंत ही पद्धत एकच आहे, त्यामुळे ती फार जुनी असणार. अटलांटिकच्या तळाशी २००० मध्ये ‘लॉस्ट सिटी’ हे क्षेत्र सापडले. तिथे खडकाशी विक्रिया होऊन अल्कधर्मी झालेले कोमट पाणी चुनखडीच्या साठेक मीटर उंच मनोऱ्यांतून झिरपते. कार्बन डायऑक्साइडमुळे आदिम समुद्र किंचित आम्लधर्मी होता. मनोऱ्यांच्या पातळ भिंतींच्या आत अल्क आणि बाहेर आम्ल असेल, तर प्रोटॉनची दाटी पेशीशिवायच आयती तयार होते. मायकेल रसेल, विल्यम मार्टिन आणि निक लेन यांनी हा विचार जिद्दीने लावून धरला आहे. माझा कल घडणीसाठी तळ्याकडे आहे, पण चालू राहण्याचे उत्तर समुद्रतळवाल्यांनी अधिक गांभीर्याने शोधले, हे कबूल केलेच पाहिजे.

आधी काय आले, माहिती साठवणारा डीएनए की कामे करणारी प्रथिने, ही कोंडी आरएनएने फोडली. आरएनए माहितीही धरतो आणि रासायनिक विक्रियाही घडवतो, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. माझ्या दृष्टीने याहून मोठा पुरावा रायबोसोमचा. प्रथिने जुळवणाऱ्या या यंत्राची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यातले वेंकटरामन रामकृष्णन चिदंबरमला जन्मले आणि बडोद्याला शिकले. यंत्राच्या गाभ्यात, जिथे एक अमिनो आम्ल दुसऱ्याला प्रत्यक्ष जोडले जाते, तिथे निव्वळ आरएनए आहे. हे वाक्य वाचताना तुमच्या पेशींमध्ये तो प्राचीन गाभा काम करतो आहे.

आजच्या सर्व जीवांच्या सामाईक पूर्वजाचे वय २०२४ मधल्या एका अभ्यासाने सुमारे ४२० कोटी वर्षे काढले, आणि त्याच्याकडे दोन हजारांहून जास्त प्रथिनांची जनुके असावीत असा अंदाज मांडला. प्राणवायूशिवाय जगणारी ही चांगलीच सुसज्ज पेशी होती, आणि ती एकटीही नव्हती. हे वय जनुकांतले बदल मोजून काढलेले आहे, खडकातून नव्हे, त्यामुळे त्यावर वाद होत राहील. त्या पूर्वजापासून दोन घराणी फुटली, जीवाणू आणि आर्किया. दिसायला सारखी, पण आवरणाच्या रसायनात पार वेगळी. आर्किया हे स्वतंत्र घराणे आहे हे कार्ल वोझ यांनी १९७७ मध्ये ओळखले. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते याच घराण्यातल्या खारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला.

यानंतर जीवाने खडकच बदलायला घेतले. सायनोबॅक्टेरियांनी पाणी फोडून प्रकाशसंश्लेषण सुरू केले आणि प्राणवायू बाहेर टाकला. तेव्हाचे समुद्र विरघळलेल्या लोहाने भरलेले होते. लोह गंजून तळाला बसले. गोव्यात डिचोली किंवा सांग्याकडचा खनिजाचा तुकडा हातात घेऊन पाहा. हेमॅटाइटची गडद, जड, चकाकती पट्टी, तिच्यावर गारेची फिकट पट्टी, पुन्हा गडद, पुन्हा फिकट. काही पट्ट्या नखाएवढ्याही जाड नसतात. हे खडक धारवाड काळातले, २५० कोटी वर्षांहून जुने, म्हणजे हवेत प्राणवायू साचण्याच्या आधीचे. त्यातले काही लोह प्राणवायूने गंजले असेल, काही लोहावरच जगणाऱ्या, प्राणवायू न सोडणाऱ्या जीवाणूंनीही गंजवले असेल. हा निवाडा करायला थरांचे अखंड नमुने लागतात. गोव्याचे डोंगर जहाजांत भरून आधी जपानला, मग चीनला गेले, आणि त्यांच्याबरोबर ही नोंदही पोलादाच्या भट्टीत गेली. उरलेल्या खाणींतून निदान थरांचे नमुने तरी जपून ठेवले जावेत, असे मनापासून वाटते.

हवेत प्राणवायू टिकू लागला तो सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी. त्या आधीच्या खडकांतल्या गंधकात समस्थानिकांची एक विशिष्ट खूण असते, जी प्राणवायूविरहित हवेतच उमटते. त्यानंतर ती खूण नाहीशी होते. तोवरच्या बहुतेक जीवांना प्राणवायू हे विष होते. काही मेले, काही चिखलात दडले, काहींनी त्याच विषावर जगण्याची कला साधली.

त्या कलाकारांपैकी एक जीवाणू एका आर्कियाच्या पेशीत राहायला गेला आणि आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका झाला. लिन मार्गुलिस यांचा हा सिद्धांत मांडणारा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत केला होता, तो अखेर १९६७ मध्ये छापून आला. मग यजमान कोण, याचा शोध सुरू झाला. जपानच्या हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी २५३३ मीटर खोल समुद्रतळाचा गाळ आणला, मिथेनवर चालणाऱ्या टाकीत तो वर्षानुवर्षे पोसला, आणि त्यातून यजमानाच्या जवळचा नातलग शोभेल असा आर्किया वेगळा वाढवला. या कामाला एका तपाएवढा काळ लागला. ई. कोलाय हा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला दोन ते तीन आठवडे लागतात. २०२० मध्ये त्याची चित्रे प्रसिद्ध झाली. इवलीशी गोल पेशी, तिच्यातून निघालेले फाटे फुटलेले लांब बाहू, आणि सोबतीला दुसरे सूक्ष्मजीव, ज्यांच्याशिवाय ती जगत नाही.

हे एकत्र येणे कधी झाले, याला भारतातल्या एका खडकाने मर्यादा घातली आहे. विंध्य खडकांतून देहरादूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी १९९८ मध्ये सूक्ष्म जीवाश्म जाहीर केले, आणि खडक कँब्रियन काळाच्या आसपासचा, म्हणजे पंचावन्न कोटी वर्षांच्या घरातला मानला. मोठा वाद झाला, जीवाश्मांच्या अस्सलपणावरही शंका घेतली गेली. पुढे स्वीडनच्या स्टेफान बेंगत्सन यांच्या गटाने चित्रकूटच्या विंध्य खडकांतले नमुने क्ष-किरणांनी आतून पाहिले. जीवाश्म अस्सल होते. चुकले होते ते वय. खडक १६० कोटी वर्षांचा आहे, आणि त्यातल्या धाग्यांसारख्या जीवांची घडण लाल शेवाळासारखी आहे. २०१७ मध्ये त्यातल्या एकाचे नाव ठेवले गेले रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस, आझमींच्या स्मरणार्थ नव्हे तर त्यांच्या शोधाच्या सन्मानार्थ. हे खरोखर लाल शेवाळ असेल, तर तंतुकणिकेचे आणि तशाच रीतीने पेशीत आलेल्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकाचे, अशी दोन्ही एकत्र येणी १६० कोटी वर्षांपूर्वीच उरकली होती, आणि पहिला प्राणी दिसायला त्यानंतर आणखी सुमारे शंभर कोटी वर्षे लागली.