पारव्याचे दूध

वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. मागच्या हिवाळ्यात मी तेथे गेलो असताना एका जुन्या धर्मशाळेच्या वळचणीखाली दोन शाळकरी मुले उकिडवी बसलेली दिसली. वरच्या घरट्यातून पारव्याचे पिलू पडले होते. अंगावर विरळ पिवळी लव, डोळे मिटलेले आणि चोच भलतीच मोठी! धाकटा कापसाच्या बोळ्याने त्याला बशीतले गाईचे दूध पाजू पाहत होता.

"पारवीसुद्धा पिलांना दूधच पाजते. मी पुस्तकात वाचलंय," थोरला म्हणाला.

त्याने वाचले होते ते खरेच होते. तरीही मी बशी बाजूला ठेवायला लावली. असे का?

पक्ष्याच्या गळ्याशी अन्ननलिकेला एक पिशवी असते. तिला अन्नपुट म्हणतात. टिपलेले दाणे तिच्यात साठतात. पारव्याची अंडी उबवायला सतरा-अठरा दिवस लागतात. ती फुटण्याच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागते. त्यामुळे अन्नपुटाचे अस्तर जाड होते, त्यातील पेशींत चरबी भरते आणि डोक्यातला कोंडा सुटावा तशा त्या पेशी सुटतात. नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा दिसणारा हा पिवळसर लगदा म्हणजेच पारव्याचे दूध! गंमत अशी की ते नराच्या अन्नपुटातही तयार होते. मानवी मातेला दूध येण्यामागेही हेच संप्रेरक असते. अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्याचा अभ्यास केला. पुढे कित्येक वर्षे पारव्याचे अन्नपुट किती जाड झाले, त्यावरूनच प्रोलॅक्टिन मोजत असत.

आता दोन्ही दुधांची तुलना करू. गाईच्या 100 ग्रॅम दुधात सुमारे 87 ग्रॅम पाणी, 3 ते 3.5 ग्रॅम प्रथिने, 4 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि पावणेपाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. पारव्याच्या तेवढ्याच दुधात प्रथिने 11 ते 18 ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ 5 ते 12 ग्रॅम असतात. दुग्धशर्करा मात्र नसतेच! ती पचवणारे विकर पक्ष्याच्या आतड्यात पुरेसे नसते. म्हणून गाईच्या दुधाने पिलाचे पोट बिघडते. शिवाय पातळ दूध श्वासनलिकेत गेले तर पिलू गुदमरते. पारव्याच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्येही असतात. या खुराकावर पिलाचे वजन पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुप्पट होते. मनुष्याच्या बाळाला त्यासाठी सुमारे पाच महिने लागतात.

चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांसाठी तिला अळ्या-किडे शोधावे लागतात. पारव्याला ती यातायात नाही. दाणे मिळाले की झाले. म्हणूनच तो वर्षभर केव्हाही पिले वाढवू शकतो.

रखवालदाराने शिडी आणली. पिलू घरट्यात परत ठेवले. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकून देतात, हा समज खरा नाही. मुलांना साबणाने हात धुवायला लावून आम्ही दूर उभे राहिलो. अर्ध्या तासाने एक पारवा आला. पिलाने त्याच्या तोंडात चोच खुपसली आणि पारव्याची मान खालीवर हलू लागली.

"आई आली!" धाकटा ओरडला.

दुपारचे दोन वाजले होते. पारव्यांत ही पाळी बहुधा बापाची असते.