जोतिबाचा डोंगर, पोहाळे लेणी आणि भोवतालचा मुलूख

कोल्हापूरहून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागले की उजव्या हाताला माथा कापल्यासारखा सपाट दिसणारा एक डोंगर लक्ष वेधून घेतो. हा जोतिबाचा डोंगर. सरकारी दप्तरात माथ्यावरच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी असे आहे. चैत्र पौर्णिमेची यात्रा, सासनकाठ्या आणि गुलाल यांमुळे हा डोंगर सर्वांना परिचित आहे. परंतु याच डोंगराच्या कुशीत, पोहाळे गावाजवळ, भिक्खूंच्या निवासासाठी खडकात कोरलेली लेणी आहेत, हे आपल्या समाजातील फार थोड्यांना ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकातून अजिंठा आणि कार्ले आपल्याला भेटतात. घरापासून सकाळी सायकलने निघून संध्याकाळच्या आत परत येता येईल अशा अंतरावरचे पोहाळे मात्र राहून जाते.

प्रस्तुत लेखात आम्ही लेण्यांच्या वर्णनावर थांबणार नाही. खांबांचा मंडप, त्याच्या कडेने कोरलेल्या लहान लहान खोल्या आणि स्तूपाची जागा हे सर्व तेथे गेल्यावर दिसतेच. आमचा प्रश्न वेगळा आहे. भिक्खूंनी राहण्यासाठी हाच डोंगर का निवडला? या प्रश्नाचे उत्तर लेण्याच्या आत सापडत नाही. ते डोंगराच्या दगडात, पाण्यात, पावसात आणि पायथ्याच्या वाटांत आहे. म्हणून लेणे पाहण्याआधी डोंगर समजून घेणे आवश्यक आहे.

डोंगराचा दगड आणि पाणी

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे अनेक फाटे निघतात. त्यांपैकी एका फाट्यावर मसाईचे पठार, पन्हाळा आणि जोतिबा हे ओळीने उभे आहेत. या फाट्याच्या उत्तरेस वारणेचे खोरे आहे, तर दक्षिणेस कासारीचे. पन्हाळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१७७ फूट असून जोतिबाही साधारण तितकाच उंच आहे. कोल्हापूर शहर १,८०० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे शहराच्या मानाने हे डोंगर हजार फुटांहून अधिक वर उठलेले आहेत.

या डोंगरांचे मुख्य अंग काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला. त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. पन्हाळा आणि मसाई यांच्या माथ्यावर मात्र तांबडा, सच्छिद्र जांभा आढळतो. उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षे मूळ कातळ कुजत गेला, त्यातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यापासून हा जांभा तयार झाला. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइट मिळते त्याचे कारणही हेच.

जांभ्याच्या अंगी एक मोठा गुण आहे. तो पावसाचे पाणी पोटात घेतो. हे पाणी खाली झिरपत जाते. जांभ्याच्या तळाशी अर्धवट कुजलेल्या दगडाचा मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. त्या थरापाशी पाणी अडते आणि उतारावर वाट मिळेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून अशा डोंगरांच्या माथ्यावर उन्हाळ्यात गवत वाळून गेले तरी कड्याच्या खाली एखाद्या ठिकाणी ओल सापडते. गडावर शेकडो माणसे राहू शकली आणि कड्याखाली भिक्खू राहू शकले, त्यामागे अशा पाण्याचा मोठा आधार होता.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. मऊ थर फार भिजला की वरचा भार घेऊन तो घसरू लागतो. २०२१ च्या जुलै महिन्यातील अतिवृष्टीत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली. अशा उतारावर झाडे तोडणे, मुरूम काढणे किंवा मनाला येईल तेथे रस्ता खोदणे म्हणजे डोंगराच्या पायालाच हात घालणे होय.

पाऊस आणि वर्षावास

कोल्हापूर जिल्ह्यातील पावसाचे मान पाहिले तर कोणालाही नवल वाटेल. पश्चिमेस गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आसपास पूर्वेला शिरोळ आहे. तेथे तो पाचशेच्या घरात येतो. पोहाळ्याचा परिसर या दोन टोकांच्या मध्ये येतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, तसेच गुप्त मानली गेलेली सरस्वती, अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते असे आपण म्हणतो. त्यांचा संगम प्रयाग चिखली येथे, या डोंगराच्या दक्षिणेकडील सखल भागात होतो. पश्चिमेचा सगळा पाऊस घेऊन आलेल्या नद्या जेथे एकत्र येतात, तेथेच जमीन सपाट होते आणि पाण्याचा वेग कमी होतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात चिखली आणि आंबेवाडी या गावांना पाण्याने वेढा घातला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता दोन हजार वर्षांपूर्वीचा विचार करावा. त्या वेळी पूल नव्हते, डांबरी रस्ते नव्हते. पावसाळ्यात हा सखल भाग ओलांडणे म्हणजे जिवावरचे काम असणार. भिक्खूंनी पावसाळ्यात प्रवास न करता एका जागी राहावे, हा नियम विनयपिटकात आहे. पावसाळ्यात हिंडणारे श्रमण हिरवे गवत तुडवतात, लहान जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे तेथे सांगितले आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने एका जागी राहायचे तर ती जागा कोरडी, पक्की आणि पुराच्या वर असली पाहिजे. खडकात कोरलेली खोली या तिन्ही कसोट्यांना उतरते.

फार दूर नाही, फार जवळ नाही

विहाराची जागा कशी असावी, याचेही वर्णन विनयात आले आहे. अनाथपिंडिकाने श्रावस्तीजवळ जागा शोधली तेव्हा त्याने हेच पाहिले की, ती गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. लोकांना येणे-जाणे सोयीचे असावे. दिवसा गर्दी आणि रात्री गोंगाट नसावा. पोहाळ्याच्या डोंगराला हे वर्णन चपखल लागू पडते. पायथ्याला नद्यांच्या गाळाची सुपीक जमीन आहे. त्या काळी आजचीच गावे होती असे नाही. पण शेती आणि वस्ती जवळ असल्याशिवाय मध्याह्नापूर्वी भिक्षा घेऊन परतणे भिक्खूंना शक्य झाले नसते.

चार तासांच्या चालीवर शहरही होते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यातून सातवाहन काळातील भरभराटीच्या नगराचे अवशेष उजेडात आले. ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापलीकडची ही वस्तू कोकणातील बंदरांतून घाट चढून येथे आली असली पाहिजे. आजही आंबा, अणुस्कुरा, करूळ आणि फोंडा या घाटांनी कोल्हापूर कोकणाशी जोडलेले आहे. डोंगराचा माथाही वाटेच्या कामाचा होता. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच रांगेवरील मसाई पठारावरून.

कोल्हापूर शहरातही बौद्ध स्तूप होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील खोदकामात स्फटिकाचा अस्थिकरंडक मिळाला. त्याच्या पेटीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत ब्रह्म नावाच्या दात्याचा आणि काम करवून घेणाऱ्या धर्मगुप्ताचा उल्लेख आहे. उत्तरेकडे कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात पन्नासहून अधिक लेणी आहेत. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत कऱ्हाडचे लोक होते, असे तेथील शिलालेख सांगतात. शहर, स्तूप, व्यापारी वाटा आणि डोंगरातील विहार ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. भिक्खू जगाला कंटाळून डोंगरात लपले, ही समजूत म्हणूनच खरी नाही.

विहाराचा हिशेब

ही व्यवस्था पैशाच्या बाजूने कशी चालत असेल? आम्ही बँकेत व्याजाचे हिशेब करणारी माणसे, त्यामुळे हा प्रश्न आम्हास सुचणे साहजिक आहे. त्याचे उत्तर नाशिकच्या लेण्यात दगडावर कोरलेले आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांतील २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असे लेखात म्हटले आहे. आता हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४०. आणि वीस जणांना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एका कार्षापणाचीही चूक नाही.

हा लेख नाशिकचा असला तरी सह्याद्रीतील विहार कशाच्या बळावर चालत, हे त्यावरून कळते. राजा दान देई, व्यापारी देई. पण ठेव सांभाळण्याइतका विश्वास विणकरांच्या संघटनेवर होता. कष्टकऱ्यांच्या मागावर मिळालेल्या व्याजातून भिक्खूचे वस्त्र येत होते. पोहाळ्याच्या रिकाम्या खोल्यांत उभे राहिल्यावर ज्यांची नावे कोठे उरली नाहीत असे पाथरवट, विणकर आणि शेतकरीही आपल्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत.

आपले काम

पन्हाळा किल्ल्याचा २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्याच रांगेतील लेण्यांकडे वळणारी पावले थोडी आहेत. मसाई पठाराच्या कड्याखालच्या लेण्यांना लोक पांडवदरा म्हणतात. नाशिकची लेणीही पांडवलेणी म्हणूनच प्रसिद्ध आहेत. मूळ रहिवासी विसरले गेले की लोकांनी दिलेले नाव चिकटते. त्याबद्दल गावकऱ्यांवर रागावण्याचे कारण नाही. शेकडो वर्षे ही जागा त्यांनीच जागती ठेवली आहे. आपण अभ्यासाने मूळ ओळख सांगावी, भांडणाने नव्हे.

समाजातील विद्यार्थ्यांनी दिवाळीनंतरच्या थंडीत पोहाळ्याला जरूर जावे. बरोबर वही, मोजपट्टी, बॅटरी आणि पिण्याचे पाणी न्यावे. खडकावर नाव लिहू नये, मेणबत्त्यांच्या काजळीने भिंती काळ्या करू नयेत, श्रद्धेपोटीही तैलरंग लावू नये. आधी माथ्यावर जाऊन चारही दिशा पाहाव्यात. वारणा कोणत्या बाजूस, पंचगंगा कोणत्या, शहर किती दूर, हे वहीत काढावे, आणि मग लेण्यात उतरावे. खोल्या मोजाव्यात, नकाशा काढावा.

आणखी एक काम आहे, आणि ते लवकर झाले पाहिजे. पायथ्याच्या गावांतील वयस्कर मंडळींना डोंगरावरच्या प्रत्येक झऱ्याचे, खिंडीचे आणि पायवाटेचे नाव माहीत असते. कोणता झरा चैत्रातही आटत नसे आणि अलीकडे तो कोणत्या महिन्यात आटतो, हेही ती सांगू शकतात. नळाचे पाणी घरात आले आणि एस. टी. दारात आली, तशी ही नावे पुढच्या पिढीच्या तोंडातून गेली. भिक्खूंनी हा डोंगर निवडला तो याच पाण्याच्या आणि वाटांच्या भरवशावर. ही नावे कोणत्याही शिलालेखात मिळणार नाहीत. ज्यांना ती पाठ आहेत अशी माणसे आहेत तोवर ती विचारून लिहून ठेवावीत. अशी एक वही जरी आपल्या संस्थेच्या वाचनालयात जमा झाली तरी पुढील अभ्यासकांची मोठी सोय होईल.