बोटांचा पेंच

ग्रीस देशांत सिसिऑन नगरीचा सोस्त्रातस म्हणून एक मल्ल होऊन गेला. ठोसे व कुस्ती यांच्या मिश्र द्वंद्वांत तो ऑलिंपिया येथें तीनदां विजयी झाला. पहिला जय ख्रिस्तपूर्व ३६४ मधील. त्याची युक्ति एकच. प्रतिपक्ष्याचीं बोटें धरून वांकवावयाचीं, आणि तो शरण येईपर्यंत सोडावयाचीं नाहींत! पौसानियस या प्रवाशानें ही हकीकत लिहून ठेविली आहे.

यांतील मर्म सोपें आहे. बोटाचा सांधा इवलासा, त्यास बांधणारे तंतु बारीक. उलट धरणाराच्या सबंध हाताचें बळ त्यावर पडतें. कोपराच्या पेंचांत हार मानण्यास थोडा तरी अवसर मिळतो. बोटांत वेदना व मोड बहुधा बरोबरच येतात. म्हणूनच आज ज्यूदोच्या सामन्यांत सांध्यांपैकीं केवळ कोपराचा पेंच मान्य आहे, आणि आंतरराष्ट्रीय कुस्तींत बोटें पिरगाळणें निषिद्ध आहे.

माझ्या वर्गांतील एका मुलाचें बोट असेंच थट्टेंत पिरगाळलें गेलें. पुढें कित्येक आठवडे त्यास लेखणी धरतां येईना. घरांतील मुलांनीं झोंबाझोंबी अवश्य करावी. परंतु बोटांस हात लावावयाचा नाहीं, हा दंडक वडील मंडळींनीं आधींच घालून द्यावा.