पेटीवरची बोटं आणि जड पट्ट्या

पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांना जोराची सवय नसते. पट्टी अलगद दाबली काय किंवा ठणकावून दाबली काय, सूर तेवढाच. लहानमोठा करतो तो भाता, म्हणजे डावा हात. दौंड-शिरूर पट्ट्यात कीबोर्डकडे वळलेली बहुतेक मंडळी अशाच हाताची आहेत. कुणी भजनी मंडळात पेटी धरलेली असते, कुणी हरिपाठाला साथ केलेली असते, कुणाच्या घरी शाळेच्या गॅदरिंगसाठी घेतलेला छोटा कॅसिओ असतो. ही माणसं घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटायला निघाली की पहिला प्रश्न येतो, वेटेड, म्हणजे जड पट्ट्यांचा, घ्यायचा की साधा? लहानपणापासून पियानो शिकलेला माणूस जे उत्तर देईल, ते आपल्या हाताला जसंच्या तसं लागू पडत नाही.

मी स्वतः पेटीवरचाच. दौंडला आमचं घर रेल्वेमार्गापासून फार लांब नाही. जंक्शन असल्यामुळे मालगाड्यांची ये-जा रात्रीही थांबत नाही, आणि मांडणीवरची भांडी कधी वाजतील ते सांगता येत नाही. अशा खोलीत माईक लावून पेटी रेकॉर्ड करायची म्हणजे गाडी जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा सुरुवात करायची, आणि मधेच पुढची गाडी. कीबोर्डचा आवाज तारेतून सरळ लॅपटॉपमध्ये जातो. मला कीबोर्डकडे ओढलं ते आधी या कारणाने. कामंही तशीच येतात: यात्रेसाठी देवीचं गाणं, कुणाच्या वडिलांच्या पुण्यस्मरणाला अभंग, कॉलेजच्या मुलांची शॉर्टफिल्म. अशा कामात पार्श्वसंगीत म्हटलं की पियानो आणि व्हायोलिनचा ताफा हवाच असतो.

संगीतकार अजय-अतुल गोगावले यांचं लहानपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीपायी राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा गावांत गेलं. घरात वाद्यं नव्हती. ज्यांच्याकडे असतील त्यांच्याशी दोस्ती करायची आणि तिथे हात साफ करायचा, अशी त्यांची शिकवणी. पुढे २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. आज शिरूरच्या मुलाला व्हायोलिनचा आवाज लॅपटॉपमध्ये मिळतो, सेलोचा मिळतो, मोठ्या ग्रँड पियानोचाही मिळतो. अडतं ते बोट आणि आवाज यांच्यामध्ये. तिथे जे यंत्र बसतं त्याची निवड म्हणूनच जपून करायची.

या यंत्राच्या पोटात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की पलीकडे हातोडी उसळून तारेवर आदळते. पट्टी साधारण सेंटिमीटरभर खाली जाते आणि तिला हलवायला पन्नासेक ग्रॅमचा भार लागतो. खर्जाच्या हातोड्या मोठ्या, तारसप्तकाकडे त्या लहान होत जातात, म्हणून डावीकडच्या पट्ट्या जड आणि उजवीकडच्या हलक्या लागतात. वेटेड कीबोर्डात तार नसते, पण प्रत्येक पट्टीला वजनाचा दांडा जोडून हातोडीची तीच चाल आणलेली असते. साध्या सिंथेसायझरच्या पट्टीखाली नुसती स्प्रिंग असते. मधला प्रकार सेमी-वेटेड, स्प्रिंगच पण पट्टीला थोडं वजन दिलेलं.

आणि आपण किती जोरात दाबलं हे कीबोर्ड मोजत नाही. तो वेळ मोजतो. पट्टीखाली रबराचे दोन संपर्कबिंदू असतात, एक आधी टेकतो, दुसरा नंतर. दोहोंमधलं अंतर पार करायला पट्टीने किती वेळ घेतला यावरून एक आकडा ठरतो, १ ते १२७. आकड्यांची ही पद्धत १९८३ साली ठरलेल्या मिडी या प्रमाणाची, आणि आजही तीच चालते. जड पट्टीचा खरा उपयोग इथे कळतो. हलकी पट्टी बोट टेकताच खाली जाते, मग बोटाला वेग आवरायला वावच उरत नाही. जड पट्टी अडवते, आणि त्या अडवण्यातच हळू आणि जोरात यांच्यामधल्या छटा सापडतात. काही कीबोर्डांत तिसरा संपर्कबिंदूही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येऊ देता तोच सूर पुन्हा वाजवता येतो.

पुण्यातल्या दुकानात बघायला गेलं की विक्रेता आधी आवाज ऐकवतो. तिथे आधी आवाज बंद करायला सांगावं. नुसत्या पट्ट्या वाजवाव्यात आणि खडखड ऐकावी. मग एक पट्टी इतकी सावकाश दाबायची की सूर उमटू नये, आणि तो नेमका कुठल्या क्षणी उमटायला लागतो ते बोटाला कळेपर्यंत पुन्हापुन्हा दाबायची. त्यानंतर काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, अगदी आत, पांढरी पट्टी दाबून बघायची. स्वस्त यंत्रात पट्टीची मागची टेकण फार जवळ असते, त्यामुळे आतल्या बाजूला ती दगडासारखी घट्ट लागते. ही चाचणी आपल्याकडच्या वादकांनी सोडू नयेच. आपण काळी एक, काळी दोन, काळी पाच धरून गाणाऱ्यांची साथ करतो. अंगठा काळ्या पट्ट्यांच्या मधे जाण्याचे प्रसंग आपल्याला रोजचेच.

जड पट्ट्यांचे कीबोर्ड बाजारात समोर येतात ते दोन तऱ्हेचे. पहिली तऱ्हा डिजिटल पियानोची: यामाहाचा पी-४५ आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेला पी-१४५, रोलँडचा एफपी-१०, कॅसिओचे प्रिव्हिया. ८८ पट्ट्या, वजन अकरा-बारा किलो, मोजके आवाज. यांत पट्ट्यांवरच पैसा खर्च झालेला असतो. एफपी-१० ची पट्टी मला या किमतीत सगळ्यांत प्रामाणिक वाटली. तिच्यात तिसरा संपर्कबिंदू आहे आणि अगदी हळू दाबली तर पियानोसारखा तो बारीक खटकाही जाणवतो. दुसरी तऱ्हा जड पट्टीच्या सिंथेसायझरची: यामाहाच्या एमओडीएक्स आणि रोलँडच्या जुनो मालिकांतले ८८ पट्ट्यांचे. आवाजांचा खजिना, ते घडवण्याची सोय, रंगमंचावर न्यायला तयार. एमओडीएक्समधून आवाजसुद्धा यूएसबीने थेट लॅपटॉपमध्ये जातो, वेगळा ऑडिओ इंटरफेस लागत नाही. किंमत मात्र पहिल्या तऱ्हेच्या दुपटीहून पुढे.

यात आपल्या संगीतासाठी कळीची गोष्ट म्हणजे पिच-बेंडचं चाक. बासरीची मींड, सनईचा ओघळता सूर, सारंगीची आस, हे सगळं डाव्या हाताखालच्या त्या चाकाने किंवा दांडीने साधतं. सुरुवातीच्या किमतीच्या डिजिटल पियानोंत ते नसतंच, कारण पियानोला मींड नसते. ‘पियानोसारखं वाजतं’ म्हणून घरी आणावं आणि देवीच्या गाण्यातला बासरीचा तुकडा वाजवायला बसावं, तर सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उड्या मारत जातो. अभंगाला हे चालणार नाही.

दुसरी अडचण वेगाची. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरलं की दौंड तालुक्यातली संगीत बारीची कला केंद्रं लागतात. तिथली पेटी ऐकावी. ढोलकीच्या लग्गीबरोबर पेटीवाला मुरक्या घेतो तेव्हा बोट पट्टीवर जेमतेम टेकतं आणि सरकतं, पट्टी अर्ध्यातूनच परत येते. तोच तुकडा मी हातोडीच्या पट्टीवर वाजवून पाहिला. एकेक मुरकी पायात चिखल अडकावा तशी अडकली. दोष यंत्राचाही नाही आणि हाताचाही नाही. हातोडीला परत जागेवर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा ती घेणारच, आणि पेटीच्या अंगाचं वादन त्या वेळेत मावत नाही.

म्हणून माझं मत असं पडलं की एकाच यंत्रावर सगळं लादू नये. पियानो, खर्जातल्या तारा, इलेक्ट्रिक पियानो, म्हणजे आघाताने उमटणारे आणि सावकाश भरणारे आवाज यांच्यासाठी ८८ जड पट्ट्या. पेटी, बासरी, सनई, सिंथ यांच्यासाठी शेजारी एक लहान, हलक्या पट्ट्यांचा आणि चाक असलेला मिडी कीबोर्ड, ४९ पट्ट्यांचाही चालतो. आवाज दोघांनाही लॅपटॉपमधूनच मिळतात. असे दोन घेऊनही खर्च जड पट्टीच्या एका सिंथेसायझरपेक्षा कमी येतो. शिरूरच्या माझ्या मित्राने उलटा निर्णय घेतला आणि तोही बरोबर आहे. तो ऑर्केस्ट्रात वाजवतो. मांडवात लॅपटॉप उघडून बसण्याची त्याची तयारी नाही, आणि दिवे गेले तर लॅपटॉपवर विसंबता येत नाही. त्याने जुनो-डीएस ८८ घेतला, कारण तो बॅटरीवरही चालतो. सोळा किलो तो आनंदाने उचलतो.

हा मित्र रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो आणि रात्रीच वाजवायला बसतो, हेडफोन लावून. त्याला वाटतं कुणाला त्रास नाही. पण हातोडीच्या पट्ट्या तळाशी आदळतात, तो धप्प धप्प आवाज स्टँडच्या पायांतून फरशीत उतरतो आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या आईला ऐकू जातो. स्टँडखाली जाड रबर आणि त्याखाली जुनी सतरंजी टाकल्यावर आवाज बराच दबला. कात्रीच्या आकाराचा स्टँड जड कीबोर्डाला घेऊच नये, जोरात वाजवलं की तो डुलतो. चार पायांचा, टेबलासारखा घ्यावा, आणि उंची अशी ठेवावी की कोपर पट्टीच्या पातळीला येईल. आपण मांडी घालून पेटी वाजवणारे. खुर्चीवर बसून खांद्यातून वजन सोडण्याची सवय नव्याने लावावी लागते.

विजेचं प्रकरण आमच्याकडे वेगळंच. लॅपटॉप चार्जरला लावून कीबोर्ड जोडला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो आणि चार्जर काढला की जातो. पुष्कळ जण कीबोर्डच बिघडला समजून दुकानात फेऱ्या मारतात. बहुधा घराचं अर्थिंगच धड नसतं. तिसऱ्या पिनेची तार बोर्डात नुसती लोंबकळत असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचा खड्डा नीट करून घेणं हा स्टुडिओचा पहिला खर्च धरावा, कीबोर्डाच्याही आधीचा.

दुसरी तक्रार सूर उशिरा उमटण्याची. सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पलवर आणला की सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि बोटाला कळत नाही. ५१२ वर ठेवलं तर ढोलकीबरोबर वाजवताना हात मागे पडल्यासारखा वाटतो.

घरी यंत्र आल्यावर खरं काम सुरू होतं. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर प्रत्येक सुराची उभी रेघ दिसते, जेवढा आकडा मोठा तेवढी रेघ उंच. साधा सारेगमप वाजवून बघावा. माझी अंगठ्याची रेघ नव्वदीच्या पुढे जाते, अनामिकेची पन्नाशीत राहते, आणि मधल्या बोटांची या दोहोंमध्ये कुठेतरी. पेटीवर इतकी वर्षं हे कुणाला ऐकूच आलं नव्हतं, कारण पेटी ते ऐकवत नाही. यावर दोन उपाय आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची कमान हलकी करता येते, म्हणजे कमी जोरातही आकडा वर जातो. हाताला सवय होईपर्यंत ती तशी ठेवावी. दुसरा उपाय रियाजाचा: अनामिका आणि करंगळी आलटून पालटून, दर सुराला रेघ साठ ते सत्तरच्या मधे राहील इतक्या सावकाश. लय वाढवायची नाही, फक्त उंची सारखी राखायची. मी सकाळी दुधवाला येऊन गेल्यावर बसतो. सध्या गांधारापासून पंचमापर्यंत रेघा एका उंचीत येतात, धैवताला अजून खाली घसरतात.